पाण्यातील इंधन आणि स्वदेशीची कसोटी

(सोलापुरात सात रस्ता येथे झालेल्या व्याख्यानाचा संपादित अंश)



पाण्यावर मोटार चालल्याच्या बातम्या अधूनमधून झळकतात. प्रथम हा भ्रम दूर करू. पाणी हे इंधन नव्हे. हायड्रोजन जळून गेल्यावर उरलेली ती राख आहे. तिचे पुन्हा इंधन करायचे, तर मिळणाऱ्या ऊर्जेहून अधिक ऊर्जा खर्चावी लागते. सिद्धान्ततः १.२३ व्होल्ट विद्युतदाब पुरेसा असतो. प्रत्यक्षात तो बराच वाढवावा लागतो. हा जादा खर्च कमी करतो तो उत्प्रेरक.

खरी अडचण ऑक्सिजनच्या बाजूला आहे. पाण्याच्या दोन रेणूंतून चार इलेक्ट्रॉन काढून ऑक्सिजनचे दोन अणू जोडायचे असतात. उत्प्रेरकाने त्यांना धरायचे आणि वेळीच सोडायचेही. सोलापूरच्या विणकराला हे समजावून सांगायला नको. ताणा फार ओढला तर धागा तुटतो, सैल सोडला तर पोत बिघडतो. उत्प्रेरकाची रचना म्हणजे हाच ताण अणूच्या पातळीवर साधणे.

आम्लधर्मी पद्धतीत हे काम इरिडियम उत्तम करते. पण जगातील त्याचे वार्षिक उत्पादन अवघे सात-आठ टन, तेही बहुतांश दक्षिण आफ्रिकेत. जानेवारी २०२३ मध्ये मंजूर झालेल्या राष्ट्रीय हरित हायड्रोजन मिशनने १९,७४४ कोटींची तरतूद करून २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टनांचे लक्ष्य ठेवले. तेलाचे परावलंबन सोडून इरिडियमचे पत्करले, तर ते स्वावलंबन कसले? अल्कधर्मी द्रावणात निकेल आणि लोह यांची जोडी हेच काम स्वस्तात करते. निकेलही आपण आयात करतो; पण ते अनेक देशांत मिळते. ढगांबरोबर कमी-जास्त होणाऱ्या सौर विजेवर हे उत्प्रेरक वर्षानुवर्षे टिकवणे, हे पुढचे आव्हान.

आपल्याला हे जमेल का? नांगल येथे विद्युत-अपघटनाच्या हायड्रोजनवर आधारलेला जडपाणी प्रकल्प १९६२ सालीच उभा राहिला. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने घडविलेला एन्सिलाइट हा उत्प्रेरक ऐंशीच्या दशकात बडोद्याच्या कारखान्यात वापरात आला. म्हणजे जमते, चिकाटी हवी.

एक किलो हायड्रोजनला किमान नऊ लिटर शुद्ध पाणी लागते. नळाची वाट पाहिलेल्या सोलापूरकरांनी म्हणूनच आग्रह धरावा, की हे पाणी पिण्याच्या वाट्यातून नको, शुद्ध केलेल्या सांडपाण्यातून हवे. आणि घरातील एखाद्या मुला-मुलीला रसायनशास्त्राची गोडी असेल, तर तिला मोडता घालू नये. स्वदेशीचे व्रत आता प्रयोगशाळेतही पाळायचे आहे.