तोफेविना राहिलेली टेकडी

टेकडीवर तोफ चढवावी आणि शत्रूची वाट पाहत बसावे, हा प्रकार ग्वाल्हेरच्या किंवा गोवळकोंड्याच्या सावलीत वाढलेल्या माणसाला नव्याने सांगावयास नको. आज मी ज्या टेकडीविषयी बोलणार आहे, ती मात्र फार दूरची, अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरची आहे. तिच्यावर तोफांची सारी सिद्धता झाली. तोफा मात्र कधीच बसल्या नाहीत.

सान फ्रान्सिस्को शहराच्या उत्तरेस, गोल्डन गेटच्या सामुद्रधुनीपलीकडे ही 923 फूट उंचीची टेकडी उभी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून त्या किनाऱ्यावर लष्कराचा अंमल होता. दुसऱ्या महायुद्धात टेकडीचे पोट कोरून भुयारे काढण्यात आली आणि 16 इंची तोळंबाच्या दोन प्रचंड तोफांसाठी काँक्रीटच्या कमानी बांधल्या गेल्या. अशी तोफ सुमारे टनभर वजनाचा गोळा 25 मैलांवर फेकू शके. पण युद्धाचे पारडे फिरले, जपानी आरमाराची भीती ओसरली आणि काम थांबले. पुढे शीतयुद्धात शत्रूची विमाने हेरणारी रडारयंत्रे तेथे आली. कालांतराने तीही गेली.

लष्कराने ही भूमी निसर्गासाठी राखली होती, असे कोणी म्हणणार नाही. परंतु पहाऱ्याच्या आत घरे उठली नाहीत, हे खरे. शेजारच्या खाजगी जमिनीवर काय होऊ घातले होते, ते पाहिले म्हणजे याची किंमत कळते. तेथे 1960 नंतरच्या दशकात 30,000 वस्तीचे ‘मॅरिनसेलो’ नावाचे नवे शहर उभारण्याचा घाट घालण्यात आला होता. नागरिक न्यायालयापर्यंत गेले, योजना बारगळली, आणि 1972 मध्ये एका निसर्गरक्षक संस्थेने ती जमीन विकत घेतली. त्याच वर्षी अमेरिकी काँग्रेसने कायदा करून या किनाऱ्याला राष्ट्रीय संरक्षण दिले. अर्थात्, भूमी वाचली ती काही अंशी योगायोगाने. पण टिकली ती माणसांनी हट्ट धरला म्हणून.

आज या टेकडीला ‘हॉक हिल’, म्हणजे ससाण्यांची टेकडी, म्हणतात. शरद ऋतूत शिकारी पक्षी दक्षिणेकडे निघतात. तापलेल्या जमिनीवरून वर चढणाऱ्या हवेच्या आधाराने पंख न हलविता तरंगत जाणे, ही त्यांची रीत. थंड पाण्यावर तो आधार मिळत नाही. म्हणून भूमीचे टोक येताच ते बिचकतात, टेकडीभोवती घिरट्या घालून उंची मिळवितात. काही धीर करून पार होतात, काही मागे फिरतात. त्यांत त्याच वर्षी जन्मलेली, प्रथमच प्रवासाला निघालेली पाखरे पुष्कळ असतात.

ऑगस्टपासून डिसेंबरपर्यंत हौशी स्वयंसेवक त्या काँक्रीटच्या माथ्यावर दुर्बिणी घेऊन उभे असतात. धुके दाटले तर मोजणी थांबते. एकच पक्षी दोनदा मोजला जाणे शक्य आहे, हे ते जाणतात. म्हणून आपल्या आकड्यांना ते पक्ष्यांची संख्या म्हणत नाहीत, दर्शनांची संख्या म्हणतात. अशा नोंदी वर्षानुवर्षे ठेवल्या, तरच एखादी जात खालावते आहे की सावरते आहे, हे उमगते. डी.डी.टी.मुळे बहिरी ससाण्याच्या अंड्यांची कवचे पातळ होऊन तो अमेरिकेतून नाहीसा होत चालला होता. 1972 मध्ये त्या औषधाच्या वापरावर तेथे बंदी आली, आणि 1999 मध्ये त्याचे नाव संकटग्रस्तांच्या यादीतून काढता आले. आज तोही या टेकडीवरून जाताना दिसतो.

श्रोतेहो, टेकडी तीच, आणि डोळ्यांत तेल घालून आकाशाकडे पाहणेही तेच. पूर्वी तेथे येणाऱ्याला पाडण्यासाठी पहारा होता. आता येणारा सुखरूप पुढे जावा, म्हणून आहे. आपल्या गावाजवळही ओस पडलेली एखादी छावणी, एखादी गोळीबाराची टेकडी असेल. तिला पडीक ठरवून तिच्यावर बांधकामाचा नकाशा पसरण्यापूर्वी निदान एक वर्षभर तेथे कोण येते आणि कोण जाते, एवढे आपण मोजून पाहावे.