खरखरीचा माग

बारामती आणि इंदापूर हे तालुके पर्जन्यछायेच्या प्रदेशांत मोडतात. तेथील पुष्कळसा ऊस पिकतो तो नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर. कालव्यावर फिरणाऱ्या पाटकऱ्याला एक गोष्ट अनुभवानें ठाऊक असते. शेतांत पाणी जेथें वर येतें, तेथेंच कालव्याला भोंक पडलेलें असतें असें नाहीं. गळती असते एकीकडे आणि ओल दिसते दुसरीकडे. ओलीच्या मागानें वर चालत गेल्यावरच तिचें मूळ सांपडतें. रेडिओवरील संदेश बुडवून टाकणाऱ्या खरखरीचें मूळहि असेंच शोधावें लागतें, आणि हें काम विशेषेंकरून हौशी बिनतारीवाल्यांच्या वांट्यास येतें.

हौशी बिनतारीवाला म्हणजे सरकारी परीक्षा उतरून, परवाना घेऊन, पैशाच्या लोभावांचून घरून संदेश पाठविणारा व घेणारा गृहस्थ. ७ किंवा १४ मेगाहर्ट्झच्या लहरींवर शेंकडों कोसांवरचा आवाज त्याच्या कानीं येतो. पण येतो तो अत्यंत क्षीण होऊन. २६ जानेवारी २००१ रोजीं कच्छांत भूकंप झाला, तेव्हां टेलिफोन बंद पडले असतां अशाच हौशी मंडळींनीं भूज येथें केंद्रें उभारून निरोप पोंचविले. अशा प्रसंगीं पलीकडच्या माणसापाशीं एखादी बॅटरी आणि झाडाला बांधलेली तार याहून अधिक साधन नसण्याचाहि संभव असतो. त्याची हांक ऐकणाऱ्याच्या घरच्या खरखरींत बुडाली, तर ती निघूनहि न निघाल्यासारखीच. म्हणून खरखर काढणें हा केवळ छंदिष्टाचा चोखंदळपणा नव्हे.

समजा, बारामतीहून इंदापूरकडे जातांना लागणाऱ्या एखाद्या वस्तींत असें केंद्र आहे, आणि तेथें एकसारखी घरघर ऐकूं येऊं लागली आहे. केंद्रचालकाची पहिली शंका शेजाऱ्याच्या विहिरीवरील पंपावर जाते. बहुतेकांची चूक होते ती येथेंच. पंपाच्या नेहमींच्या तीन फेजच्या मोटारीला कार्बनचे ब्रश नसतात. ती चालतांना ठिणग्या पाडीत नाहीं. दोष असलाच तर तो स्टार्टरच्या जळक्या कॉन्टॅक्टांत किंवा एखाद्या सैल जोडांत असावयाचा.

शेजाऱ्याच्या दारीं जाण्यापूर्वीं शहाण्यानें आपलें घर तपासावें. रेडिओ बॅटरीवर चालवावा आणि घराचा मेन स्विच बंद करावा. खरखर थांबली, तर चोर घरांतच आहे. मग एकेक दिवा व एकेक यंत्र लावून पाहावें. मोबाइलचा हलक्या प्रतीचा चार्जर, एलईडीचा दिवा, इन्व्हर्टर, टीव्हीचा डबा ह्यांत वीज सेकंदाला हजारों वेळां तोडली-जोडली जाते. त्या तोडजोडीचे पडसाद रेडिओवर ठराविक अंतरानें पुनःपुन्हां उमटतात. अशा यंत्राची वायर फेराइटच्या कड्यांतून पांच-सात वेढे देऊन घेतली कीं पुष्कळदां उपद्रव आटोक्यांत येतो. न आल्यास तें यंत्र बदललेलेंच बरें.

घर निर्दोष ठरलें, तर पुढचें साधन घड्याळ आणि वही. दोन आठवडे खरखरीची वेळ व त्या दिवसाची हवा टिपून ठेवावी. ती सूर्याबरोबर उगवत व मावळत असेल, तर सौरपंपाच्या नियंत्रकाकडे पाहावें. सेकंदा-दीडसेकंदाला एक टक्-टक् होत असेल, तर रानडुकरांसाठीं लावलेलें झटका मशीन आठवावें. कुंपणाच्या तारेला गवत टेकलें किंवा तिचें इन्सुलेटर तडकलें कीं तेथें ठिणगी उडूं लागते. शेतीपंपांची वीज जेथें पाळीनें मिळते, तेथें त्या पाळीबरोबर खरखर येत-जात असेल, तर दोष शेतीच्या वाहिनीवर किंवा तिच्यावरील एखाद्या जोडणींत आहे.

आणि कोरड्या, वाऱ्याच्या दिवसांत जी वाढते व पावसाची सर येतांच नाहींशी होते, ती खरखर बहुधा खांबावरची. आपल्याकडील विजेचा प्रवाह सेकंदाला ५० आवर्तनें करतो व प्रत्येक आवर्तनांत दाब दोनदां शिगेला पोंचतो. खांबावरील एखादा बोल्ट ढिला होऊन गंजला, कीं त्या बारीक फटींतून सेकंदाला १०० वेळां ठिणग्यांची झुंड उडते. कानाला तीच घरघर वाटते. पाऊस ती फट पाण्यानें सांधतो. ज्या मुलखांत पाऊसच थोडा, तेथें ही खरखर वर्षाचे कितीतरी महिने मुक्काम ठोकून राहते.

खांब ओळखण्याच्या कामीं पाटकऱ्याची रीत उपयोगीं पडते. कमी कंपनसंख्येवर ही खरखर तारांवरून मैलोगणती वाहत जाते आणि वाटेंत कोठें चढते, कोठें उतरते. त्यामुळें भलताच खांब दोषी वाटतो. म्हणून प्रथम साध्या रेडिओनें दिशा धरावी, आणि जवळ येत जावें तसतशी कंपनसंख्या वाढवीत न्यावी. १४० मेगाहर्ट्झच्या आसपास हातांत धरावयाचें तीन कांड्यांचें यागी एरियल घेऊन फिरल्यास खरखर उगमाजवळच तेवढी जोरानें ऐकूं येते. दोन-तीन बाजूंनीं रोखून पाहावें. सर्व रोख जेथें मिळतील, तोच खांब.

त्या खांबाला हात लावूं नये, त्यावर चढूं नये आणि धक्का मारून खात्री करून घेण्याचा मोह तर मुळींच धरूं नये. ढिली तार अंगावर यावयास तेवढें निमित्त पुरतें. खांबाचा क्रमांक, वेळ व हवा लिहून वीज कंपनीच्या कचेरींत अर्ज द्यावा व वायरमनला जागा दाखवावी. अर्जांत रेडिओपेक्षां ठिणगीचा उल्लेख आधीं करावा. कारण उभ्या उसावरून जाणाऱ्या तारांतून ठिणगी पडली, तर शेतकऱ्याचें वर्षाचें पीक घटकेंत जळून जातें. बिनतारीवाल्याचा कान तें संकट आधीं ऐकतो, एवढेंच.

ह्याच पुणे जिल्ह्याच्या उत्तरेस, जुन्नर तालुक्यांतील खोडद येथें, प्रा. गोविंद स्वरूप ह्यांच्या पुढाकारानें उभी राहिलेली महाकाय रेडिओ दुर्बीण आहे. ४५ मीटर व्यासाच्या तिच्या ३० ताटल्या दूरच्या ताऱ्यांकडून व आकाशगंगांकडून येणाऱ्या लहरी टिपतात. विजेच्या तारांवरील ठिणग्यांनीं आणि टीव्हीच्या बिघडलेल्या बूस्टरांनीं तिच्याहि कामांत विघ्न आणलें आहे. तेथें आकाशाकडे कान लावून बसलेल्या शास्त्रज्ञांना आणि वस्तीवरच्या हौशी माणसाला उपाय एकच: उठून त्या जागेपर्यंत जाणें.

हा न्याय उलट दिशेनेंहि लागू आहे. केंद्रचालकाचाच आवाज शेजाऱ्याच्या स्पीकरमधून ऐकूं येऊं लागला, तर त्यानें वाद घालीत बसूं नये. प्रक्षेपण थांबवावें, आणि आपलें एरियल, आपली अर्थिंग व शेजाऱ्याची वायर त्याच्याच घरीं बसून तपासावी. असें एकदां झालें कीं पुढें मेन स्विच क्षणभर बंद करण्याची विनंती करण्याचा प्रसंग आला, तर शेजारी नाहीं म्हणत नाहीं. उलट, पंपाचा स्टार्टर तडतडूं लागला कीं तो स्वतः येऊन सांगतो.