मानेतल्या गाठी आणि चार तपासण्या

तंबाखू, गुटखा आणि मिश्रीच्या आपल्या मुलखात तोंडाच्या कर्करोगाचं निदान झालं, की घरच्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: 'पसरलाय का?' हा रोग पसरतो तो बहुधा आधी मानेतल्या लसिका ग्रंथींमध्ये. मग दुसरा प्रश्न येतो: सगळ्यात भारी तपासणी कोणती?

भारी म्हणजे महाग, असं धरून चालू नका. साधी सोनोग्राफी घ्या. निरोगी ग्रंथी लांबट दिसते आणि तिच्या मध्याशी चरबीची उजळ रेघ असते. रोग शिरला की ग्रंथी गोलसर होते, रेघ पुसली जाते, रक्तवाहिन्या कडेकडेनं दिसू लागतात. शंका आली तर पडद्यावर बघत बघत त्याच ग्रंथीत सुई घालून पेशी काढता येतात. त्यात कर्करोगाच्या पेशी सापडल्या, की वाद मिटला. सापडल्या नाहीत, तर मात्र मिटत नाही. सुई नेमकी जागा चुकलेली असू शकते. शिवाय घशामागच्या खोल ग्रंथी सोनोग्राफीला दिसत नाहीत. त्या सीटी आणि एमआरआयमध्ये दिसतात. जबड्याचं हाड किती खाल्लंय ते सीटीत कळतं, जिभेत रोग किती खोल गेलाय ते एमआरआयमध्ये. पण ग्रंथींच्या बाबतीत दोन्हींची भिस्त मुख्यतः आकारावर, साधारण 10 मिलिमीटरच्या मापावर असते.

पेट स्कॅन साखरेला हपापलेल्या पेशी दाखवतो. मात्र सुजलेल्या ग्रंथीही साखर ओढतात. किडलेले दात आणि क्षयरोग जिथे घरोघरी, तिथे चमकणारी प्रत्येक गाठ कर्करोगाची नसते. उलट एक-दोन मिलिमीटरचा रोग पेटलाही सापडत नाही.

तपासणीत न दिसणाऱ्या या रोगाचं काय करायचं, ते मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयानं दाखवून दिलं. डॉ. अनिल डिक्रूझ आणि सहकाऱ्यांचा अभ्यास 2015 साली प्रसिद्ध झाला. रोग तोंडात लहान, मानेत गाठ नाही, असे हे रुग्ण. ज्यांच्या मानेतल्या ग्रंथी पहिल्याच शस्त्रक्रियेत काढल्या, त्यांच्यातले 80 टक्के तीन वर्षांनी हयात होते. गाठ दिसेपर्यंत थांबलेल्यांमध्ये हे प्रमाण 67.5 टक्के होतं. मला हा आपल्याकडच्या वैद्यकातला फार मोलाचा निष्कर्ष वाटतो.

पण प्रसंग बदलला की पेटचं मोलही बदलतं. ब्रिटनमधल्या डोकं-मानेच्या कर्करोगाच्या 564 रुग्णांच्या मानेत रोग आधीच पसरलेला होता. निम्म्यांची मान केमो आणि रेडिएशनच्या आधी किंवा नंतर शस्त्रक्रियेनं साफ करायचं ठरलं होतं. बाकीच्यांचा या उपचारांनंतर बारा आठवड्यांनी पेट स्कॅन केला आणि त्यात गरज दिसली तरच शस्त्रक्रिया. 2016 सालचा निकाल असा: दोन वर्षांनी हयात असलेल्यांचं प्रमाण दोन्हीकडे जवळपास सारखंच, पण शस्त्रक्रिया एकीकडे 221, तर पेटच्या गटात फक्त 54. बारा आठवडे थांबायचं कारण म्हणजे रेडिएशनची सूज. ती उतरण्याआधी केलेला स्कॅन फसवतो.

म्हणून तपासणी लिहून मिळाली, की डॉक्टरांना जरूर विचारा: 'या रिपोर्टनं उपचारात काय बदलणार आहे?' आणि शस्त्रक्रियेआधीचा रिपोर्ट 'क्लिअर' आला, एवढ्यावरून मानेची शस्त्रक्रिया कृपा करून टाळू नका.