मूल होत नाही तेव्हा : पुरुषाची बाजू



आजचा विषय ऐकून काहींच्या भुवया चढल्या असतील. पगारवाढीवर बोलणारी आम्ही माणसे. आम्हांला शुक्रजंतूंशी काय कर्तव्य? पण युनियनच्या कचेरीत कामगार नुसते बोनसचे गाऱ्हाणे घेऊन येत नाही. लग्नाला चार वर्षे झाली, मूल नाही, आईने दुसऱ्या लग्नाचे टुमणे लावले आहे, हेही तो सांगतो. सगळे उठून गेल्यावर सांगतो. बायकोच्या तपासण्या झालेल्या असतात, नवसही झालेले असतात. 'तुझी तपासणी झाली का?' असे विचारले की तो खाली पाहतो. म्हणून आम्ही वाचीत गेलो, डॉक्टरांना विचारीत गेलो. जे समजले ते आपल्यापुढे ठेवतो.

वीर्यातले हे जंतू १६७७ साली हॉलंडातील डेल्फ्ट गावच्या लेवेनहुकने आपल्या भिंगातून पाहिले. तो कापडाचा व्यापारी. विद्यापीठाची पायरी न चढलेला. तेव्हा आमच्यासारख्यांनी या विषयाला भिण्याचे कारण नाही. शुक्रजंतूची लांबी मिलिमीटरचा सुमारे विसावा भाग. डोक्यात बापाकडचा वारसा, मधल्या भागात शक्तीचे कोठार आणि मागे शेपूट. शेपटीच्या फटकाऱ्यांनी तो पुढे सरकतो. तो नुसता जिवंत असून भागत नाही. कित्येक जागच्या जागी वळवळतात, कित्येक गोल गोल फिरतात. स्त्रीबीजापर्यंतची वाट पुढे चालणाऱ्यालाच गाठता येते.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली दिलेल्या मापाप्रमाणे, एका मिलिलिटरला १ कोटी ६० लाख शुक्रजंतू, शंभरांत ४२ हलणारे आणि ३० पुढे जाणारे, ही खालची मर्यादा आहे. ही परीक्षेतल्या पास-नापासाची रेघ समजू नका. याहून कमी असलेल्यांनाही मुले झाली आहेत आणि याहून जास्त असूनही काहींना झालेली नाहीत. शिवाय पुरुषाचा जोम वेगळा आणि शुक्रजंतूंची चाल वेगळी. धडधाकट गड्याच्या वीर्यातही ते मंद असू शकतात. त्यात त्याच्या मर्दपणाला बट्टा लागत नाही.

कारणे अनेक आहेत. अंडकोशातील शिरा फुगतात, वयात आल्यावर गालगुंड होऊन ते वृषणांत उतरते, कधी जबर ताप येऊन जातो. तंबाखू आहे, दारू आहे, तालमीत दंड फुगवण्यासाठी घेतलेली इंजेक्शने आहेत. निसर्गाने अंडकोश शरीराबाहेर ठेवला तो त्याला दोन-चार अंश थंडावा हवा म्हणून. आता भट्टीपुढे आठ तास उभा राहणारा किंवा बॅटरीच्या कारखान्यात शिसे हाताळणारा कामगार आठवा. डॉक्टरांनी त्याला 'काय खातोस?' याबरोबर 'काय काम करतोस?' हेही विचारले पाहिजे.

हे आमचे युनियनवाल्यांचे खूळ नव्हे. कॅलिफोर्नियात लॅथ्रॉप येथे जमिनीतील कृमी मारणारे डीबीसीपी नावाचे औषध तयार होत असे. तिथल्या कामगारांच्या आपापसांत बोलण्यातून लक्षात आले, की आपल्यापैकी कित्येकांना मुले होत नाहीत. १९७७ साली तपासणी झाली, तेव्हा अनेकांच्या वीर्यात शुक्रजंतू अगदी थोडे निघाले, काहींच्या मुळीच नाहीत. या औषधाने उंदरांची वृषणे सुकतात हे १९६१ सालीच छापून आले होते! १९७९ साली अमेरिकेत त्याच्या बहुतेक वापरावर बंदी आली. काम सुटल्यावर काही जण सुधारले, काही कधीच सुधारले नाहीत. विचार करा, ते कामगार लाजून गप्प बसले असते तर? दोष घरोघरच्या बायकांच्याच माथी बसला असता.

आपल्याकडे र. धों. कर्व्यांनी १९२७ साली 'समाजस्वास्थ्य' मासिक काढून असल्या विषयांवर उघड बोलण्याची किंमत मोजली. आपल्याला तेवढीही मोजावी लागत नाही.

तेव्हा व्यवहाराचे सांगतो. वर्षभर प्रयत्न करून दिवस राहिले नाहीत तर नवराबायकोने मिळून डॉक्टरांकडे जावे. बाई पस्तिशीपुढची असेल तर सहा महिन्यांतच. पुरुषाची तपासणी पहिल्या फेरीतच व्हावी; ती स्वस्त, बिनदुखाची. आधी दोन ते सात दिवस संयम पाळावा. निकाल वाईट आला तर एकावर विसंबू नये, पुन्हा तपासावे. शुक्रजंतू तयार होऊन बाहेर पडायला सुमारे तीन महिने लागतात. म्हणून आज तंबाखू सोडली तर फळ तीन महिन्यांनी दिसेल. शिरांवर शस्त्रक्रिया होते; आणि १९९२ पासून एकच शुक्रजंतू सुईने स्त्रीबीजात सोडण्याची युक्तीही साधली आहे, मात्र ती खर्चाची.

येथे बसलेल्या सासूबाईंना आणि मामंजींना आमची हात जोडून विनंती आहे : सुनेला बोल लावण्याआधी मुलाचा तपासणीचा कागद पाहा.