मोटारीचा क्लच घसरतो तेव्हा

(ग्रामीण भागातील शासकीय वाहनांचे चालक व कार्यालयप्रमुख यांच्यापुढे छत्रपती संभाजीनगर येथे एका शिल्पनिदेशकाने दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर.)



चाळीसगावहून कन्नडला येताना औट्रम घाट चढावा लागतो. गाडी भरलेली असते. एखाद्या वळणावर इंजिनाचा आवाज एकाएकी चढतो; वेग मात्र वाढत नाही, उलट घटतो. मग जळकट वास येऊ लागतो. चालक म्हणतो, "साहेब, गाडीत दम राहिला नाही." साहेब इंजिनाच्या दुरुस्तीचा प्रस्ताव मागवितात. वस्तुतः इंजिन बहुधा निर्दोष असते; घसरत असतो तो क्लच. कचेरीच्या गाडीत एवढ्याने फार तर बैठकीला उशीर होईल. आरोग्य केंद्राच्या गाडीत मागे बाळंतीण असेल, तर हाच दोष जिवावर बेततो.

पिठाच्या गिरणीचा पट्टा सैल पडला की मोटार फिरत राहते, जाते फिरत नाही. तसेच येथे घडते. इंजिनाबरोबर फिरणारे फ्लायव्हील आणि प्रेशर प्लेट यांच्यामध्ये क्लच प्लेट स्प्रिंगच्या जोराने आवळलेली असते. ही पकड अपुरी पडली की इंजिनाची शक्ती चाकांपर्यंत न पोहोचता घर्षणाच्या उष्णतेत जाते. उतारावर इंजिनाचा जो रोध आपल्याला मिळतो, तोही त्यामुळे कमी होतो. घाटात ही गोष्ट विसरून चालणार नाही.

निदान अवघड नाही. सपाट जागी गाडी उभी करावी, हँडब्रेक घट्ट ओढावा, चाकांना पुढून-मागून दगड लावावेत आणि आसपास कोणीही उभे राहू नये. इंजिन सुरू ठेवून तिसरा गिअर टाकावा, अॅक्सिलरेटर किंचित दाबावा व क्लचचे पेडल सावकाश सोडावे. क्लच चांगला असेल तर इंजिन लगेच बंद पडेल. पेडल पूर्ण सुटूनही ते चालूच राहिले, तर क्लच घसरतो आहे असे समजावे. ही परीक्षा एकदाच करावी. वारंवार केल्यास प्लेट तापून आणखी खराब होते. चढावर आवाजही चढत नसेल आणि वेगही वाढत नसेल, तर दोष अन्यत्र शोधावा : इंधनाचा वा हवेचा फिल्टर तुंबलेला असेल, किंवा ब्रेक धरून राहिला असेल. गिअर टाकताना करकर होत असेल तर तो क्लच नीट न सुटण्याचा, म्हणजे नेमका उलट दोष होय.

आता कारण. केबलच्या गाडीत पेडल हाताने दाबून पाहावे. सुरुवातीचा थोडा भाग विनासायास खाली गेला पाहिजे. कारागीर त्याला 'प्ले' म्हणतात. प्लेट झिजत जाते तसा तो कमी होतो. प्ले मुळीच नसेल तर पाय काढल्यावरही क्लच अर्धवट दाबलेलाच राहतो. अशा वेळी गाडीच्या पुस्तिकेप्रमाणे केबल जुळवून पुन्हा परीक्षा घ्यावी. प्लेट फारशी झिजलेली नसेल तर तेवढ्याने काम भागते. पेडलवर पाय विसावून गाडी चालविणे, चढावर हँडब्रेकऐवजी हाफ क्लचवर गाडी धरून ठेवणे, या सवयींनी प्लेट अकाली संपते. हे चालकास सांगावे, परंतु प्रत्येक वेळी दोष त्याच्याच माथी मारू नये.

याबाबतीत माझी स्वतःची चूक सांगतो. एका आरोग्य केंद्राच्या गाडीची प्लेट बदलण्याचा सल्ला मीच दिला होता. चार महिन्यांत गाडी परत आली, क्लच पुन्हा घसरतच होता. मी चालकाला बरेच बोललो. एक प्रशिक्षणार्थी गाडीखाली शिरला आणि काळे झालेले बोट त्याने मला दाखविले. क्लचच्या घराच्या तळाशी तेल जमले होते. क्रँकशाफ्टचे मागचे ऑइल सील गळत होते आणि नव्या प्लेटचे अस्तर त्या तेलात भिजत होते. पहिल्या वेळी गिअरबॉक्स उतरलेलाच होता; त्याच वेळी सील बदलले असते तर दुसरी मजुरी आणि दुसरी प्लेट दोन्ही वाचली असती. चालकाची मी नंतर क्षमा मागितली.

तेव्हा दुरुस्तीच्या प्रस्तावावर सही करताना दोन गोष्टी विचाराव्यात : मागील प्लेट किती किलोमीटर चालली, आणि गिअरबॉक्स उतरविल्यावर आत तेल आढळले काय? पहिल्याचे उत्तर लॉगबुकात मिळते. दुसऱ्याचे उत्तर, जुनी प्लेट समोर ठेवून, कारागिराकडून लेखी घ्यावे.