शेजारच्या देशांचं राजकारण आपल्या मुलांनी का शिकावं
(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आम्ही गिरणीतल्या साचेखात्याचे कामगार. जे काही वाचले ते वाचनालयात, पाळी सुटल्यावर. तरी आज कॉलेजच्या शिक्षणावर बोलणार आहोत. वस्तीतल्या दोन-तीन मुलामुलींनी बी.ए.ला राज्यशास्त्र घेतलं आहे आणि पुढे आशियाई देशांच्या राजकारणाचा अभ्यास करायचा म्हणतात. आईबाप विचारतात, लंकेचं नि जपानचं राजकारण शिकून आमच्या घरात काय उजेड पडणार? हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. एका पगारावर सहा तोंडं असतील तिथं एम.ए. म्हणजे दोन वर्षांची कमाई बुडणं असतं.

पण हा अभ्यास आहे तरी कशाचा? राज्य कोणाच्या हातात आहे, कायदा कोणासाठी झाला, दुबळ्याला कागदावर काय मिळालं आणि प्रत्यक्षात काय मिळतं, हे तपासायचं ते शास्त्र. एकाच देशाकडे बघून ते कळत नाही, दुसरा देश शेजारी ठेवावा लागतो. बाबासाहेब 1913 साली कोलंबिया विद्यापीठात गेले ते राज्यशास्त्राच्या विद्याशाखेत, मुख्य विषय अर्थशास्त्र. पुढे पाकिस्तानच्या प्रश्नावर ग्रंथ लिहिताना त्यांनी तुर्कस्तान आणि झेकोस्लोव्हाकिया यांचे दाखले तपासले, मग मत दिलं.

आता जपान घ्या. जपान म्हटलं की आपल्याला बुद्धमूर्ती आठवते. त्याच जपानात बुराकुमिन नावाचा समाज आहे. मेलेली जनावरं, चामडं, कत्तलखाना ही कामं त्यांच्या वाट्याला. (ओळखीचं वाटतं ना?) 1871 च्या हुकुमाने त्यांचा हीन दर्जा कायद्याने गेला, पण नोकरी देताना आणि लग्न जुळवताना कुळाची चौकशी चालूच राहिली. 1922 साली क्योटो शहरात त्यांनी सुइहेइशा ही संघटना काढली, म्हणजे आपल्या महाडच्या पाच वर्षं आधी. तिथल्या बौद्ध मंदिरांमधूनसुद्धा या लोकांना मरणोत्तर नावं देताना हीनपणा दाखवणारी अक्षरं वापरली गेली. 1979 साली एका झेन पंथाच्या पुढाऱ्याने जागतिक धर्मपरिषदेत सांगितलं की जपानात असा भेदभावच नाही. बुराकु संघटनेने जाब विचारला, शब्द मागे घ्यावे लागले, पंथाने माफी मागितली. आणि 2016 साली सरकारला हा भेदभाव घालवण्यासाठी पुन्हा कायदा करावा लागला.

श्रीलंकेत तर स्त्री-पुरुष सर्वांना मताचा हक्क 1931 सालीच मिळाला, आपल्या किती आधी! पण त्याच मतांच्या जोरावर 1956 साली एकट्या सिंहलीला राजभाषा केलं आणि तमिळ माणूस सरकारी दारात मुका झाला. तो कायदा करणारे पंतप्रधान बंदरनायके 1959 साली मारले गेले, गोळी झाडणारा एक भिक्खू होता. पुढे 1983 ते 2009 युद्ध. म्यानमारमधून 2017 साली सात लाखांवर रोहिंग्या बांगलादेशात पळाले. भन्तेजी समोर बसले आहेत, त्यांची क्षमा मागून बोलतो: बौद्ध देश म्हणून आपण तिथं हात जोडून जातो. ज्याने हा विषय शिकला आहे तो हात जोडेल, पण तिथल्या मतदारयादीत कोण नाही हेही विचारील. बहुसंख्याकांचं राज्य काय करू शकतं हे आपल्या माणसाला नाही कळायचं तर कोणाला?

शिकायचं कुठं? दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात आंतरराष्ट्रीय अभ्यासाची शाखा आहे. 1955 साली ती वेगळी संस्था म्हणून निघाली, 1970 साली विद्यापीठात आली. पूर्व आशिया, दक्षिण आशिया, पश्चिम आशिया यांचा तिथं अभ्यास होतो. त्याच विद्यापीठात चिनी, जपानी, कोरियन शिकवतात, आणि भाषेवाचून हा अभ्यास लंगडाच. भाषांतर वाचणाऱ्याला दुसऱ्याने निवडलेलं तेवढंच मिळतं.

परदेशी जायचं तर अनुसूचित जाती व नवबौद्धांसाठी राज्याची राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती आहे. केंद्राचीही आहे, पण 2022 साली तिच्या नियमांत भारताची संस्कृती, इतिहास, समाज यांवरचे विषय वगळले. म्हणजे त्या पैशावर आपल्या जातीव्यवस्थेचा अभ्यास करायचा नाही! जपानच्या बुराकुंवर करायला त्या नियमाची आडकाठी नाही.

नोकरी हमखास लागेल असं आम्ही सांगणार नाही. नेट-सेट पास होऊन प्राध्यापकी, परराष्ट्र सेवेची परीक्षा, वर्तमानपत्र, भाषांतर असे मार्ग आहेत, सगळे लांबचे. म्हणून समितीपुढे आमची सूचना आहे. यंदाच्या वर्गणीतून मंडपावरचा खर्च थोडा कमी करावा, आणि प्रवेश परीक्षेची फी नि दिल्लीचं जाण्यायेण्याचं भाडं तेवढं बाजूला ठेवावं. आमची वर्गणी आम्ही आजच खजिनदारांकडे दिली आहे. जयभीम.