मागे बांधलेली जीप

निवृत्तीनंतर आम्ही उभयतांनी अमेरिकेत मोटरहोम घेतलं. चाकांवरचं घर! पण दूध आणायला काही सगळं घर घेऊन जाता येत नाही. युटामधल्या मोआबच्या खडकाळ वाटांवर तर ते शक्यच नाही. म्हणून मागे ओढायला एक जुनी जीप रँग्लर घेतली. ही गाडी चारही चाकांवर ओढत नेता येते.

तिला टो-बार, साखळ्या, दिव्यांची वायर आणि वेगळा ब्रेक बसवला. जीप वाटेत सुटलीच, तर तो ब्रेक आपोआप लागतो. पण खरी मेख आहे ती ट्रान्सफर केसच्या छोट्या दांड्यात. ओढताना तो न्यूट्रलमध्येच हवा. मग गिअर टाकून, क्लच सोडून, जीप हलत नाही ना, हे पाहायचं.

एकदा मोआबहून पहाटे निघताना घाईत मी नेमकं हेच विसरलो. दांडा ‘फोर लो’वर, म्हणजे अवघड चढाच्या गिअरवर, तसाच राहिला. मोटरहोम जेमतेम दहा पावलं पुढे गेलं असेल, तोच खाली उभी असलेली सौ. ओरडली, “थांबा! जीपची चाकं फिरत नाहीत, घासताहेत!”

तसाच हमरस्त्याला लागलो असतो, तर जीपच्या इंजिनाचा चुराडा झाला असता आणि पुढे बसून मला पत्ताही लागला नसता.

तेव्हापासून जोडणी मी करतो. चाकं फिरताना पाहून ‘निघा’ म्हणते ती सौ. घरात शेवटचा शब्द कोणाचा, हे वेगळं सांगायला नकोच!